विठाबाईंच्या सोबतीला कोण होतं?

१

विठाबाई नेसरीहून एसटीनं कोल्हापुरात आल्या तेव्हा त्यांची मूत्रपिंडं थोडी थकलेली होती, पण चालत होती. सीटी स्कॅन झाला आणि दोन दिवसांत ती जवळजवळ संपावर गेली. त्यांना कोणी मारलं नव्हतं, विष घातलं नव्हतं, साधं ऑपरेशनही केलं नव्हतं. तरी कोणीतरी काहीतरी केलं होतं, एवढं शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात सगळ्यांना मान्य होतं. कोणी केलं, याचं उत्तर मात्र ज्याचं त्याचं वेगळं होतं आणि कोणाच्याच उत्तरात स्वतःचं नाव नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डॉ. नुजहत शिकलगार यांना फोन गेला. नुजहतबाईंनी सगळी हयात लोकांच्या मूत्रपिंडांची राखण करण्यात घालवली होती. आता त्या निवृत्त होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी फरहीन कॅनडात होती, आणि ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये दिवसभरात बोलायला म्हणून फक्त दूधवाला यायचा. त्याला त्या आग्रहानं चहा पाजायच्या. त्यामुळे फोन वाजल्यावर त्यांना बरं वाटलं. कोणाच्या तरी मूत्रपिंडावर घाला आल्याचं ऐकून आपल्याला बरं वाटतं म्हणजे आपलं काही खरं नाही, असंही मग वाटलं.

दवाखान्याचे मालक डॉ. पृथ्वीराज हे त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांच्या केबिनमध्ये विठाबाईंचा मुलगा अमरसिंह तावातावानं बोलत होता. रात्रीच पुण्याहून आला होता.

"माझी आई चालत-बोलत आली हितं. आता म्हणताय, डायलिसिस लागू शकतं. मी मुद्दाम आईला सांगून मामाच्या क्रांतीला सोबतीला ठेवलीती. सगळी व्यवस्था केलीती. मग चूक कुणाची? मला नाव पायजे."

तो बाहेर गेल्यावर पृथ्वीराजांनी कपाळ पुसलं.

"नाव तयार आहे, मॅडम. स्कॅनचा टेक्निशियन, कामिल नदाफ. कॉन्ट्रास्टची एक बाटली कपाटात कमी आहे आणि ती कुठे गेली ते तो सांगत नाही. दुप्पट सोडलं असणार. संध्याकाळी त्याला काढतो, तसं लेखी देतो, विषय मिटतो."

स्कॅनमध्ये आतलं स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून जे औषध सोडतात, ते कॉन्ट्रास्ट. ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. ती आधीच अधू असतील तर या कामात मोडून पडू शकतात. म्हणून आधी रक्त तपासायचं, नको त्या गोळ्या थांबवायच्या, औषध बेतानं सोडायचं आणि पेशंटला भरपूर पाणी द्यायचं. दाराला या चार कड्या. चारही लावल्या असतील तर सहसा काही होत नाही. रक्त वेळेवर तपासलेलं दिसत होतं. उरलेल्या तिन्हींपैकी एक कडी कोणीतरी उघडी ठेवली होती.

"आणि कामिलनं केलं नसेल तर?" नुजहतबाईंनी विचारलं.

"तर संध्याकाळपर्यंत दुसरं नाव द्या," पृथ्वीराज म्हणाले. "असा शेरा घेऊन बाहेर पडला तर त्याला कोल्हापूर-सांगलीत कुणी दारात उभं करणार नाही, हे मला कळतंय. पण अमरसिंह थांबणार नाही."

२

कामिल स्कॅनच्या खोलीत एकटाच बसला होता. लोक आतापासूनच त्याला टाळायला लागले होते.

"मॅडम, डोस बरोबर गेलाय. पंपात बघा की," तो म्हणाला.

नुजहतबाईंनी औषध सोडणाऱ्या पंपावरचे आकडे बघितले. विठाबाईंचं वजन धरून औषध बेतानंच गेलं होतं. पण आकडे कोणीही बदलू शकतं असं म्हणायला अमरसिंह मोकळा होता.

"मग दुसरी बाटली कुठे गेली?"

कामिल गप्प. चोरी पचवायला बघणारा माणूस गप्प बसतो ते वेगळं आणि लाजलेला माणूस गप्प बसतो ते वेगळं. नुजहतबाई उठून टेबलाभोवती फिरल्या. पलीकडच्या बाजूला त्यांची चप्पल फरशीला चिकटली. वाळलेला कॉन्ट्रास्ट पाकासारखा चिकटतो.

"फुटली होय रे?"

कामिलनं मान खाली घातली. "मागं एकदा फुटलीती, तवा साहेबांनी सगळ्यांच्या देखत माझी लाज काढलीती. माझं सासरचं पावणं बी हुतं त्या दिवशी हितंच. म्हणून ह्या टायमाला काचा मीच भरल्या, कुणाला बोललो न्हाय."

"आणि त्या एका बाटलीपायी नोकरी घालवायला निघालास. शाणाच आहेस."

"आता सांगून कोण खरं मानणार, मॅडम?"

हे मात्र खरं होतं. नुजहतबाईंनी विचारलं, "फुटली कशी?"

"आजीस्नी टेबलावर घेताना त्यांचा तोल गेला. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला आणि बाटली सुटली. बोलताना जीभ टाळूला चिकटत हुती त्यांची. पाणी देऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या."

नुजहतबाई थबकल्या. या बाईला आदल्या दिवसापासून बाटल्यांवर बाटल्या पाणी पाजलं होतं. तसा तक्ता त्यांनी नुकताच बघितला होता. पोटात एवढं पाणी असलेल्या बाईची जीभ टाळूला कशी चिकटेल?

"त्यांच्याबरोबर कोण होतं?"

"ती भाची की, क्रांती. सोबत कोण हाय म्हणून विचारलं, तर आजींनी तिच्याकडं हात केला. उंच, शेलाटी, पंजाबी ड्रेसातली. तिलाच इचारा. तिला समदं ठावं असंल."

३

वॉर्डची सिस्टर स्वप्नाली कंबरेवर हात ठेवूनच बोलायला लागली. आपल्यावर येणार, हे तिला माहीत होतं.

"डॉक्टरांनी लिहिलं होतं, सलाईनची गरज नाही, तोंडानं भरपूर पाणी द्या. मावशीकडनं बाटली भरून ठेवली की रिकामी व्हायची. भरली की रिकामी. दर वेळेला मी तक्त्यावर खूण केलीय. एक खूण खोटी निघाली तर माझं नाव बदला."

"पिताना बघितलंस?"

"मॅडम, अख्खा वॉर्ड माझ्या एकटीच्या गळ्यात. मी काय चमच्यानं पाजत बसू? क्रांतीताई होत्या की पाजायला. कवाबी बघावं तर स्टुलावर बसलेल्या. ठेंगण्या, पदर खोचलेला, कपाळावर हे एवढं कुंकू."

नुजहतबाई मान हलवून निघाल्या. त्या शिकाऊ डॉक्टर ऋतुराजकडे गेल्या. विठाबाई गुडघ्यांसाठी गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या. मूत्रपिंडांना त्या गोळ्या कॉन्ट्रास्टइतक्याच वैरी. त्या थांबवायला ऋतुराज विसरला असेल, तर विषय तिथेच संपत होता.

ऋतुराजनं ड्रॉवर उघडून पाकिटं समोर ठेवली. "आल्या आल्या काढून घेतल्या, मॅडम. साखरेची गोळीही थांबवली. तुमच्या हाताखाली शिकलोय, एवढं तरी करीनच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी त्यांच्या भाचीलाही बजावलं होतं, गुपचूप गोळी देऊ नका म्हणून."

"कशी होती दिसायला भाची?"

"कॉलेजातली पोरगी. चष्मा लावलेली. सारखं मोबाईलमध्ये डोकं."

कामिलची क्रांती उंच, स्वप्नालीची ठेंगणी, ऋतुराजची चष्मेवाली. तिघांपैकी दोघं खोटं बोलत असतील, असं म्हणावं तर खोटं बोलून कोणाचाच काही फायदा होत नव्हता. वाचायचं असतं तर तिघांनी एकच वर्णन ठरवून सांगितलं असतं.

क्रांती काल दुपारीच गावी परतली, असं आईनं अमरसिंहला सांगितलं होतं; नुजहतबाईंनी त्याच्याकडून तिचा नंबर घेतला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता. क्रांती आजऱ्याच्या काजू कारखान्यात कामाला होती.

"आत्ती दवाखान्यात हाय?" ती ओरडून बोलत होती. "कवापासनं? मला कुणी सांगितलंच न्हाय की. सीझन चाललाय, मी महिना झाला आजऱ्यातनं हाललेली न्हाय."

४

दुपारी वॉर्ड भेटायला आलेल्यांनी भरून गेला. प्रत्येक खाटेभोवती घोळका, डबे, पिशव्या, लेकरं. खिडकीजवळच्या खाटेपाशी कोणी नव्हतं. विठाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. अमरसिंह बाहेर वकिलाशी फोनवर बोलत होता.

नुजहतबाईंनी कोणाला न विचारता खाटेजवळचं छोटं कपाट उघडलं. आत लुगडं, कंगवा, चार-पाच स्टीलचे पेले एकात एक घातलेले, आणि एक डबा. डब्यात गूळ होता. पिवळाधमक, खडे फोडून ठेवलेला, आणि निम्मा संपलेला.

विठाबाईंना मधुमेह होता. चोरून गूळ खाणारे पेशंट नुजहतबाईंनी आयुष्यभर बघितले होते आणि त्यांच्यावर डाफरल्याही होत्या. पण विठाबाईंची साखर आल्यापासून एकदाही चढली नव्हती. म्हणजे गूळ संपला होता आणि तो विठाबाईंनी खाल्ला नव्हता. आणि एकट्या बाईला एवढे पेले कशाला लागतात?

चिमणाबाई फरशी पुसत होती. वॉर्डात लघवीची भांडी देणं, पाणी भरणं, पुसणं सगळं तिच्याकडे. नुजहतबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"ह्या आजींचा काही त्रास?"

"छ्या. लई गुणाची म्हातारी. बाकीच्यांचं सारखं मावशी भांडं दे, मावशी भांडं ने. हिनं एकदाबी मागितलं न्हाय."

"संडासाला चालत जायच्या?"

"आल्या आल्या गेलती एकदा. पाय घसरला. मी उचलली आणि म्हटलं, आक्का, घरचं माणूस कुठं हाय तुझं? धराया न्याया मी किती जणींस्नी पुरणार? समद्यांच्या सोबत माणूस असतंय की. त्यावर म्हणाली, हाय की माझी क्रांती, खाली गेलीय. मग परत काय ती उठली न्हाय." चिमणाबाईनं फडकं पिळलं. "का ओ मॅडम? काय चुकलं का माझं?"

नुजहतबाई व्हरांड्यात जाऊन कठड्याला टेकल्या. आता कोडं उरलं नव्हतं. स्कॅनच्या आधी विठाबाईंची मूत्रपिंडं काम करत होती. चालत्या मूत्रपिंडात एवढं पाणी गेलं असतं, तर भांडं सारखं मागावं लागलं असतं. पाणी बाहेर आलं नाही, कारण ते आत गेलंच नव्हतं. म्हणून डोळ्यांपुढे अंधारी, म्हणून टाळूला चिकटलेली जीभ. स्वप्नालीच्या खुणा खऱ्या होत्या, कारण बाटल्या खरोखरच रिकाम्या होत होत्या. ते पाणी भलत्याच लोकांच्या पोटात गेलं होतं, आणि त्या लोकांपैकी प्रत्येकजण थोड्या वेळापुरता क्रांती झाला होता.

हे आपल्याला इतक्या लवकर का कळलं, याचा विचार करायला त्या थांबल्या आणि त्यांना दूधवाल्याचा चहा आठवला. त्यांना रडू आलं. सत्तरीला टेकलेल्या डॉक्टरीण बाईनं भर व्हरांड्यात रडावं हे काही शोभत नव्हतं, म्हणून त्या चष्मा काढून उगाच पुसत राहिल्या.

५

नुजहतबाई स्टुलावर बसल्या तशा विठाबाई लगबगीनं उठल्या. डोळे सुजलेले, पाय सुजलेले, तरी हात आधी बाटलीकडे गेला.

"या की पावणं. उन्हाचं आलाय. गूळ-पाणी घ्या."

"मी डॉक्टर आहे, विठाबाई. हे पाणी तुमचं आहे."

"आसू द्या की. घोटभर घ्या."

नुजहतबाईंनी पेला घेतला आणि तसाच मांडीवर धरून ठेवला. "किती जणांना पाजलंत?"

विठाबाईंनी आजूबाजूला बघितलं. घोळके आपापल्या खाटांत गुंग होते.

"आता मोजलंय व्हय? उन्हातान्हाची माणसं येत्यात. कुणाची लेक, कुणाची सून. आपल्या माणसाला औषध दिल्याव, झोप लागल्याव त्यांनी बसायचं कुठं? माझं स्टूल रिकामं. बसा म्हटलं, गूळ-पाणी दिलं, की घटकाभर बसत्यात. कुठलं गाव, किती लेकरं, बोलत्यात. बरं वाटतंय ओ. घरात भिताडाशी किती बोलायचं?"

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी पिऊन काय करू?" त्या एकदम तुटक बोलल्या. "प्यायलं की जायाला लागतंय. मला कोण धरणार? ती चिमणी कावती. तिचं बी खरं हाय. घसा लईच वाळला की ओठ भिजवायची."

"अमरला सांगितलंत, क्रांती आहे म्हणून."

"पोरगं कामात आसतंय. त्याला घोर कशाला? हाय म्हटलं सोबतीला, त्यो निवांत झाला." विठाबाईंनी नुजहतबाईंचा हात धरला. विठाबाईंचा हात कोरडा आणि गरम होता. "बाई, तुमी त्याला सांगू नका. माझी आई एकटी पडलीती म्हणून गावात तोंड कसं दाखवंल त्यो? काय बी सांगा. माझं वय झालं म्हणा, नशीब म्हणा. पण ह्ये सांगू नका."

नुजहतबाईंना वचन द्यावंसं वाटलं. त्यांनी स्वतः फरहीनला असंच किती वेळा फसवलं होतं. शेजारणी येतात, भिशी आहे, वेळ कसा जातो कळत नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे कामिल होता, त्या मशीनच्या खोलीत एकटा बसलेला.

"मी सांगितलं नाही तर ज्यानं तुम्हाला टेबलावर सावरलं ना, त्या पोराला संध्याकाळी काढून टाकतायत. त्यानं तुमची मूत्रपिंडं घालवली म्हणून."

विठाबाईंनी त्यांचा हात सोडला.

"त्यो? त्यानं तर माझ्यासाठनं काचा उचलल्या. बोट कापलं त्याचं," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी त्याची भाकरी जाती?"

"हो."

"मग मला न्या तिकडं. खुर्ची आणा."

६

केबिनमध्ये कागद तयार होता. कामिल दाराशी उभा होता, स्वप्नाली आणि ऋतुराज भिंतीला टेकून. अमरसिंह खुर्चीत पुढे सरकून बसलेला. नुजहतबाईंनी चाकाची खुर्ची ढकलत आत आणली तेव्हा तो चिडून उठला.

"आईला कशाला आणलं हितं? आराम पायजे तिला."

"बस खाली," विठाबाई म्हणाल्या. "ह्या पोराचा काय दोष न्हाय. कुणाचाच न्हाय. मी पाणी प्यायलेच न्हाय."

"म्हणजे? क्रांती काय करत हुती मग?"

"क्रांती न्हवतीच. मी खोटं बोलले तुला."

अमरसिंहनं आधी आईकडे बघितलं, मग सगळ्यांकडे, कोणीतरी ही थट्टा आहे असं म्हणेल म्हणून.

"पण पाणी का न्हाय प्यायलीस? डॉक्टरांनी सांगितलं हुतं, पाणी समोर हुतं, पियाला काय झालतं तुला?"

विठाबाईंनी मान वर केली. "मुतायला कोण न्हेणार हुतं? तू?"

पृथ्वीराजांनी समोरचा कागद उचलला, फाडला आणि टोपलीत टाकला. दर पेशंटबरोबर घरचं माणूस असतंच, हे धरूनच आपला सगळा वॉर्ड चालतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते उठून कामिलजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माफी मागता येत नव्हती. कामिलनं ती न मागताच घेतली.

नुजहतबाईंनी अमरसिंहला एवढंच सांगितलं की लघवी पुन्हा सुरू झाली आहे, आता पाणी मोजून द्यायचं, न चुकता. बहुतेक डायलिसिसची वेळ येणार नाही. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. त्याचा फोन वाजला, त्यानं न बघता बंद केला.

"अमर," विठाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या बाईनं मगाशी दोन पेलं पाजलं मला. धर जरा."

तो उठला. आईला कुठे धरायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आधी मनगट धरलं, मग दंड, मग ओशाळून काखेत हात घातला. कामिलला वाटलं पुढे व्हावं, पण नुजहतबाईंनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मायलेक व्हरांड्यातून इतके हळू गेले की भेटायला आलेले लोक घरी परतताना त्यांना मागे टाकून जात होते.

मग सगळे आपापल्या कामाला लागले. पृथ्वीराजांनी चहाला थांबा म्हटलं, पण त्यांच्या खोलीबाहेर पेशंट खोळंबले होते आणि नुजहतबाईंना ते दिसत होते. त्या रिक्षानं घरी आल्या. कुलूप उघडलं, दिवा लावला, सवयीनं टीव्ही लावला आणि लगेच बंद केला.

फोन नेहमी फरहीन करायची, रविवारी. आपण होऊन करायचा नाही, पोरीच्या कामाच्या वेळेत लुडबुड नको, हा नुजहतबाईंचा स्वतःशी केलेला नियम होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. कॅनडात अजून सकाळ असेल, पोरगी ऑफिसच्या गडबडीत असेल. त्यांनी नंबर लावला.

पहिल्याच रिंगला आवाज आला. घाबरलेला.

"अम्मी? काय झालं?"

नुजहतबाईंच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"काही नाही झालं. घरात कोणी नाही, आणि मला एकटं वाटतंय," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ बोलशील?"